कारखान्यातला करार आणि दुकानातली उधारी

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील बाजारपेठेचा हिशेब केवळ येथील भातशेतीवर किंवा महाडच्या एमआयडीसीवर चालत नाही. मुंबई, पिंपरी-चिंचवड, चाकण येथील कारखान्यांतून गावी येणारा पगारही या हिशेबात धरावा लागतो. किराणा, कापड, फर्निचर, घरबांधणी, लग्नाची खरेदी यांतील मोठा भाग चाकरमान्यांच्या पैशावर होतो. म्हणूनच मोटार कारखान्यात कामगार संघटना आणि कंपनी यांच्यात पगारवाढीच्या कराराची बोलणी रखडली, की त्याची झळ वरंधा घाट उतरून आमच्या दुकानांपर्यंत पोहोचते. कामगार म्हणतो, "करार झाला की देतो." दुकानदार वहीत नाव लिहून ठेवतो. करार म्हणजे नेमके काय, तो का लांबतो, तोपर्यंत कामगाराच्या हातात काय असते आणि आपण उधारी कुठवर द्यावी, याची माहिती आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांना असणे आवश्यक आहे.

करारात काय असते?

मोठ्या मोटार कारखान्यात कायम कामगारांचा पगार दर वर्षी मालकाच्या मर्जीने वाढत नाही. संघटना मागणीपत्र देते, कंपनी आपल्या अटी मांडते आणि बोलणी होऊन करारावर सह्या होतात. कराराची मुदत बहुधा तीन वर्षांची असते, काही ठिकाणी त्याहून जास्त. मूळ पगार, भत्ते, वैद्यकीय सवलत, रजा, कर्जाची सोय हे सर्व त्यात येते. त्याच्या बदल्यात कंपनी उत्पादन वाढवून मागते. एका पाळीत किती गाड्या निघाल्या पाहिजेत, किती माणसे कमी करायची, काम नसेल त्या दिवशी कारखाना बंद ठेवला तर त्या दिवसांचा पगार कसा धरायचा, यावर खरी ओढाताण होते. बाहेर आकडा पगारवाढीचा ऐकू येतो, परंतु बोलणी अडतात ती पुष्कळदा या दुसऱ्या बाजूवर.

मुदत संपली म्हणजे पगार थांबला असे नाही. नवा करार होईपर्यंत जुन्या कराराच्या अटी चालू राहतात. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तशी तरतूद होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ते तत्त्व कायम आहे. तेव्हा अशा काळात कामगाराला जुना पगार मिळतो; नवी वाढ तेवढी अडकते. महागाई थांबत नाही, मुलांची फी थांबत नाही, आणि पगार मात्र मागच्या कराराच्या आकड्यावर उभा असतो.

बोलणी किती लांबू शकतात?

पुण्याच्या टाटा मोटर्समधील उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथील आधीच्या कराराची मुदत २०१५ च्या ऑगस्टमध्ये संपली आणि नव्या करारावर सह्या २०१७ च्या मार्चमध्ये झाल्या. म्हणजे जवळजवळ १९ महिने सहा हजारांहून अधिक कामगारांची घरे आशेवर होती. या काळात कारखाना चालू होता, गाड्या बाहेर पडत होत्या. परंतु आपला पगार किती होणार हे कुणालाच सांगता येत नव्हते.

याच कारखान्याचा जुना इतिहासही विसरण्यासारखा नाही. तेव्हा टेल्को नाव होते. १९८९ साली राजन नायर यांच्या नेतृत्वाखालील कामगार पुण्यात शनिवारवाड्यासमोर उपोषणाला बसले होते. कंपनीने करार केला तो दुसऱ्या संघटनेशी, आणि उपोषणकर्त्यांना अखेर पोलिसांनी उचलले. यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कारखान्यात दोन संघटना असतील आणि कोणाशी बोलायचे यावरच वाद असेल, तर पगाराच्या आकड्यापर्यंत गाडी पोहोचायलाच उशीर लागतो. नव्या संहितेनुसार ज्या संघटनेकडे ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा आहे तिलाच बोलणी करण्याचा अधिकार मिळतो. तसे बहुमत कोणाकडेच नसेल तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांची मिळून परिषद बनते.

संप झाला तर?

बोलणी फिसकटली की संपाची वेळ येते, आणि येथे मात्र जुना पगारही थांबतो. बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यात २५ जून २०१३ रोजी काम बंद पडले. कामगारांच्या मागण्यांत पगाराचा प्रश्न होताच, शिवाय प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० शेअर एक रुपया दराने द्यावेत अशी मागणीही होती. कंपनीने ती मान्य केली नाही. ५० दिवसांनी, १४ ऑगस्ट रोजी, संप मागे घेतला गेला. आमच्या वाचकांनी तारखा नीट पाहाव्यात. त्या वर्षी रमजानचा सबंध महिना आणि ९ ऑगस्टची ईद या संपाच्या काळातच येऊन गेली. ज्या घरात पगार नाही त्या घरात ईदचे कपडे उधारीवर येतात किंवा येतच नाहीत. आणि अशा संपाने केवळ त्या कारखान्याचे कामगार अडकत नाहीत. त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान वर्कशॉपांचे मशीनही थांबते.

परदेशातही हाच पेच आहे, परंतु तेथे कामगाराच्या पाठीशी थोडा आधार असतो. अमेरिकेत जनरल मोटर्स, फोर्ड आणि स्टेलँटिस या तीन कंपन्यांशी तेथील मोटार कामगार संघटनेचा करार १४ सप्टेंबर २०२३ च्या मध्यरात्री संपला आणि लगेच संप सुरू झाला. सुमारे सहा आठवड्यांनी समझोता झाला. साडेचार वर्षांत २५ टक्के वाढ ठरली. संपाच्या काळात संघटनेने आपल्या निधीतून कामगाराला आठवड्याला ५०० डॉलर दिले. आपल्याकडे संघटनांकडे एवढा निधी क्वचितच असतो. आपल्याकडे संपाचा निधी म्हणजे गावची शेती, बायकोचे दागिने आणि वाण्याची उधारी.

हे आम्ही अतिशयोक्तीने म्हणत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. कोकणातले आणि घाटावरचे हजारो कामगार गावी परतले आणि गावानेच त्यांना जगवले. अनेक जण पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. त्या काळच्या उधारीतील किती रक्कम वसूल झाली हे जुन्या दुकानदारांच्या घरात विचारावे.

नव्या संहितेत कोणत्याही कारखान्यात संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस आवश्यक आहे. पूर्वीच्या केंद्रीय कायद्यात ही सक्ती सार्वजनिक सेवांपुरती होती. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी ठरवून रजा टाकली तर तोही संपच धरला जातो. व्यापाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ इतकाच, की संप अचानक कोसळत नाही, त्याची चाहूल लागते.

फरकाचा हिशेब

करार उशिरा झाला की मागील महिन्यांची थकलेली वाढ एकरकमी मिळते. तिला कामगार 'फरक' म्हणतात. या फरकाच्या भरवशावर लग्ने ठरतात, घराचा स्लॅब पडतो, फर्निचरची ऑर्डर दिली जाते. येथेच कामगार आणि दुकानदार दोघांचाही हिशेब चुकतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

समजा, करार १९ महिने रखडला आणि अखेर दरमहा ८,००० रुपयांची वाढ ठरली. ऐकणारा लगेच १९ गुणिले ८,००० करून १,५२,००० रुपये मनात धरतो. परंतु वाढ बहुधा तीन वर्षांत वाटून दिली जाते. ती ७०, १५ आणि १५ टक्के अशी वाटली, तर पहिल्या वर्षी दरमहा ५,६०० रुपयेच वाढतात आणि दुसऱ्या वर्षी ६,८०० होतात. पहिल्या १२ महिन्यांचे ६७,२०० आणि पुढच्या ७ महिन्यांचे ४७,६०० मिळून फरक होतो १,१४,८०० रुपये. म्हणजे ३७,२०० रुपये मनातल्या हिशेबातून गेले. त्यातून भविष्य निर्वाह निधी, आयकर आणि सोसायटीचा हप्ता कापला जातो. करार मागील तारखेपासून लागू न करता ठोक रक्कम देऊन मिटवला गेला, तर आकडा आणखी निराळा होतो. सह्या होईपर्यंत फरकाची रक्कम कोणाच्याही मालकीची नसते, ही गोष्ट दोघांनीही लक्षात ठेवावी.

ज्यांना करार लागूच नाही

आणखी एक फसगत होते. गावात सांगितले जाते, "मुलगा मोटार कंपनीत आहे." परंतु करार होतो तो कायम कामगारांचा. आज या कारखान्यांत कंत्राटी कामगार आणि ट्रेनी यांची संख्या मोठी आहे. आयटीआय करून येथून गेलेली पुष्कळ मुले याच वर्गात असतात. करारात आठ हजार वाढले तरी त्यांच्या हातात त्यातील काही येईलच असे नाही. मागणी घटली तर काम आधी त्यांचेच जाते. मुलीचे लग्न ठरवताना असो की उधारी देताना असो, 'कंपनीत आहे' आणि 'कंपनीत कायम आहे' यांतील अंतर ओळखले पाहिजे.

आणि कायम असणे हीदेखील पक्की हमी नव्हे. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतात गाड्या विकणे थांबवले. तळेगावचा कारखाना निर्यातीसाठी काही काळ चालला. २०२० च्या डिसेंबरमध्ये तेथील उत्पादनही थांबले. हजाराहून अधिक कायम कामगारांचा प्रश्न मग कोर्टकचेरीत गेला. कारखाना विकत घेण्याचा करार ह्युंदाईने २०२३ मध्ये केला. या कामगारांपुढे पगार किती वाढणार हा सवाल उरलाच नाही. नोकरी राहणार की नाही हाच सवाल झाला.

आपण काय करावे?

कामगार संकटात आहे म्हणून त्याला दारातून परत पाठवा, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. आमचे पुष्कळ बांधव उधारीवर व्याज घेत नाहीत. ही चांगली गोष्ट आहे, परंतु यामुळेच अडकलेल्या रकमेचा सगळा भार त्यांच्या भांडवलावर पडतो. २०२१ च्या जुलैतील महापुरात महाडच्या बाजारपेठेने एका रात्रीत माल गमावला. भांडवल एकदा गेले की पुन्हा उभे करणे किती कठीण असते, हे येथे कोणास सांगायला नको. म्हणून काही साध्या गोष्टी पाळाव्यात.

उधारी देताना चार प्रश्न शांतपणे विचारावेत. नोकरी कायम आहे की कंत्राटी? जुना करार केव्हा संपला? बोलणी कंपनीत चालू आहेत की कामगार आयुक्तांकडे गेली आहेत? संपाची नोटीस दिली आहे काय? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे 'होय, गेली आहेत' आणि 'होय, दिली आहे' अशी आली, तर पुढील दोन-तीन महिने जपून व्यवहार करावा.

उधारीची मर्यादा आज हातात येणाऱ्या पगारावर ठरवावी, उद्याच्या फरकावर नव्हे. धान्य, तेल, औषध यांची उधारी माणुसकीने चालू ठेवावी. टीव्ही, फ्रिज, सोफा यांची ऑर्डर सह्या होईपर्यंत थांबवण्याचा सल्ला गिऱ्हाइकाला द्यावा. चांगला गिऱ्हाईक त्याबद्दल पुढे आभारच मानतो.

सुतार, गवंडी, वेल्डर, शिंपी या कारागीर बांधवांनी निदान मालाचे पैसे आगाऊ घ्यावेत. मजुरी थांबली तर पोट आवळता येते, परंतु लाकूड, लोखंड, सिमेंट यांचे पैसे आपल्यालाही दुसऱ्याला द्यावयाचे असतात. काम टप्प्याटप्प्याने करावे आणि प्रत्येक टप्प्याचा हिशेब त्या त्या वेळी पुरा करावा.

व्यवहार लिहून ठेवावा, दोघांच्या सह्या असाव्यात आणि परतफेडीची तारीख 'करार झाल्यावर' अशी न लिहिता महिना व वर्ष घालून लिहावी. तारीख आली आणि करार झाला नसेल तर दोघांनी बसून नवी तारीख ठरवावी. यात अविश्वास नाही. पुढचा वाद टाळण्याचा हा मार्ग आहे.

कामगार बांधवांनाही आमची एक विनंती आहे. करार रखडला असेल तर गावच्या दुकानदाराला खरी स्थिती सांगा. थोडी रक्कम का होईना, दरमहा खात्यावर भरत राहा. कंपनीशी बोलणी करायला तुमच्यामागे संघटना आहे. गावच्या लहान दुकानदाराच्या मागे कोणी नाही. त्याचे दुकान टिकले तरच पुढच्या संपात तुमच्या घरची चूल पेटती राहील.