हिऱ्याचा रंग कसा पाहावा?

घरात लग्न निघाले, की कधी हिऱ्याच्या अंगठीची नाहीतर चमकीची गोष्ट निघते. दुकानदार खडा दाखवतो. म्हणतो, "अगदी पांढरा आहे बघा!" आपण मान डोलावतो. पण पांढरा म्हणजे किती पांढरा? रंगावर किंमत फिरते. म्हणून रंग पाहायला आपण शिकले पाहिजे.

हिरा कार्बनचा बनलेला असतो. कोळशातही मुख्य तेच द्रव्य. जमिनीच्या पोटात हिरा तयार होताना त्यात थोडा नायट्रोजन शिरला, की पिवळी झाक येते. झाक कमी, तितका हिरा महाग. गडद पिवळा, निळा, गुलाबी हिरा मात्र दुर्मिळ. त्याची गोष्ट निराळी.

तपासणारे लोक रंगाला इंग्रजी अक्षर देतात. डी म्हणजे बिनरंगी. मग ई, एफ असे करत झेडपर्यंत पिवळेपणा वाढत जातो. ए, बी, सी का नाहीत? पूर्वी व्यापारी ती अक्षरे मनाला येतील तशी वापरीत. म्हणून नवी मोजणी डीपासून धरली.

आता पाहायची रीत सांगतो. कोंदणात बसवलेल्या खड्याचा रंग नीट कळत नाही. म्हणून सुटा खडा मागावा. दुकानातल्या दिव्यांखाली सगळेच खडे चमकतात. खडा दिवसाच्या उजेडात न्यावा, पण उन्हात नको. पांढरा कागद दुमडावा. त्याच्या घडीत खडा पालथा, टोक वर करून ठेवावा आणि बाजूने पाहावा. शेजारी तेवढाच दुसरा खडा ठेवला, म्हणजे फरक चटकन कळतो.

आणखी एक. पिवळ्या सोन्यात थोडी पिवळट झाक लपून जाते. मग डी अक्षरासाठी जादा पैसे कशाला मोजायचे? एच, आय, जे रंगाचा खडाही तिथे छान दिसतो.

पण पांढरा दिसला म्हणजे तो हिराच, असे नाही बरं का! अमेरिकन डायमंड पांढराशुभ्र असतो, पण तो हिरा नव्हे. आता कारखान्यात केलेले हिरेही मिळतात. ते खरेच हिरे असतात, पण खाणीतल्या हिऱ्यापेक्षा पुष्कळ स्वस्त. नुसत्या डोळ्यांना हा फरक कळत नाही.

म्हणून तपासणीचा दाखला आणि पक्के बिल मागावे. त्यावर रंगाचे अक्षर, वजन आणि हिरा खाणीतला की कारखान्यातला, हे लिहून घ्यावे. वजन कॅरटमध्ये असते. 5 कॅरट म्हणजे 1 ग्रॅम.

आता आपल्याला वाचता येते. कागद स्वतः वाचावा, मगच पैसे द्यावेत.