चाक फिरले आणि तालुका बदलला!

वैभववाडी - सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आठ तालुक्यांची नावे वर्णानुक्रमे लावली, तर वैभववाडीच्या वर वेंगुर्ला येते आणि खाली सावंतवाडी. करूळ आणि भुईबावडा घाटांच्या पायथ्याची वैभववाडी कुठे आणि समुद्रकाठचे वेंगुर्ले कुठे! संगणकाच्या पडद्यावर मात्र या दोहोंत अंतर उरते ते माऊसच्या चाकाच्या एका खाचेचे.

उत्पन्नाचा दाखला असो, जमिनीची नोंद असो वा शाळेतील विद्यार्थ्यांची माहिती. अर्ज भरणारा निवडसूचीतून 'वैभववाडी' निवडतो आणि खालचे रकाने पाहण्यासाठी चाक फिरवतो. अर्ज वर सरकण्याऐवजी निवडसूचीतील नावच सरकते. कोणतीही सूचना येत नाही, घंटा वाजत नाही. पुढे कागद छापून हाती आला की चूक उमगते, आणि ती दुरुस्त करण्यासाठी पुन्हा खेप घालावी लागते. अशा वेळी 'माऊस बिघडला' असे म्हणून सगळे मोकळे होतात. वास्तविक माऊसने आपले काम चोख केलेले असते.

हे घडते ते असे. चाक फिरले की माऊस संगणकाला केवळ 'इतक्या खाचा वर' किंवा 'इतक्या खाचा खाली' एवढेच कळवितो. त्या संदेशाचे काय करायचे, हे तो संदेश ज्याला मिळतो तो भाग ठरवितो. पान त्याचा अर्थ 'सरक' असा घेते, तर निवडसूची 'पुढचे नाव घे' असा घेते. नाव निवडल्यावर सूची मिटते. पण संगणकाच्या लेखी आपण अद्याप त्याच रकान्यात असतो आणि पॉइंटरही तिथेच रेंगाळत असतो. म्हणून निवड झाल्याबरोबर पॉइंटर अर्जाच्या रिकाम्या जागेवर न्यावा आणि टॅब कळ दाबून त्या रकान्यातून बाहेर पडावे. पुढचा रकानाही निवडसूचीचाच असेल, तर चाकाच्या नादी न लागता कडेची सरकपट्टी ओढणे बरे. अर्ज जतन करण्यापूर्वी जिल्हा, तालुका, गाव हे तीन रकाने पुन्हा वाचावेत.

दोष वापरणाऱ्याचा आहे, असेही नव्हे. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या २००३ पर्यंतच्या आवृत्त्यांत एकेक नोंद दाखविणाऱ्या अर्जावर चाक फिरविले की थेट दुसरी नोंद समोर येई, आणि पहिल्या नोंदीतील अर्धवट बदल तेवढ्यात जतनही होऊन जात. २००७ च्या आवृत्तीत ही रीत बंद करण्यात आली. संकेतस्थळांवरील आकड्यांच्या रकान्यांतही हा धोका आढळला आहे. चाक फिरताच पाच हजारांचे चार हजार नऊशे नव्व्याण्णव व्हावेत, अशातला हा प्रकार. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळांचे आरेखन ठरविणाऱ्या गटाने २०२० मध्ये या जातीचे रकाने टाळण्याची शिफारस केली, त्यामागील कारणांत हेही एक होते. लिब्रेऑफिसमध्ये अर्ज तयार करणाऱ्याला तर अशा रकान्याने चाकाला कधीच दाद देऊ नये, असे आधीच ठरवून ठेवता येते. ही काळजी अर्ज बनविणाऱ्यांनी घ्यावयाची. ती क्वचितच घेतली जाते.

मोठमोठ्या एक्सेल तक्त्यांतून हिंडताना लोकांची होणारी तारांबळ पाहून मायक्रोसॉफ्टमधील एका अभियंत्याला १९९३ च्या सुमारास ही कल्पना सुचली, आणि १९९६ च्या इंटेलिमाऊसने चाक घरोघरी पोहोचविले. गंमत अशी, की चाकाच्या तक्रारी आजही एक्सेलमध्येच अधिक. चाक फिरविताच तक्ता लहानमोठा होऊ लागला, तर कळफलकावरील कंट्रोल कळ अडकली आहे का ते पाहावे. कळ ठीक असेल, तर 'फाईल', 'ऑप्शन्स', 'ॲडव्हान्स्ड' या मार्गाने जाऊन 'झूम ऑन रोल विथ इंटेलिमाऊस' यापुढील खूण काढावी. तक्ता मुळीच हलत नसेल, तर 'फ्रीझ पेन्स'ने वरच्या ओळी नको तितक्या गोठविलेल्या असण्याचा संभव असतो. लहान पडद्यावर गोठलेल्या ओळींनीच सारी जागा व्यापली, तर सरकणारा भाग दिसायचा तरी कुठे?

भलतीच विंडो सरकते, अशीही तक्रार असते. पूर्वी विंडोजमध्ये चाकाचा संदेश ज्या विंडोत काम चालू आहे तिलाच मिळे. २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० पासून पॉइंटरखालची विंडो सरकविण्याची सोय झाली. ती माऊसच्या सेटिंग्जमध्ये चालू वा बंद करता येते, आणि एका खाचेला किती ओळी सरकाव्यात हेही तिथेच ठरते. सहसा तो आकडा तीन असतो.

जुन्या प्रणालींपुढे मात्र सेटिंग्जचाही इलाज चालत नाही. १९९८ च्या व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये प्रोग्रॅम लिहिण्याच्या विंडोतच चाक चालत नसे. मायक्रोसॉफ्टला त्यासाठी निराळी पुरवणी द्यावी लागली. त्या काळी बनलेली एखादी हिशेबाची प्रणाली अजून वापरात असेल, तर पेज अप आणि पेज डाऊन या कळांवर भिस्त ठेवणे आले.

आता खरोखर माऊसच बिघडला असेल तर? त्याची पारख सोपी आहे. एकाच प्रणालीत त्रास होत असेल, तर दोष त्या प्रणालीचा. सगळीकडे होत असेल, तर माऊस दुसऱ्या संगणकाला जोडून पाहावा. तिथेही चाक खाली फिरविताना मजकूर मध्येच वर उसळत असेल, तर निदान पक्के झाले. चाकाच्या आसाला एक लहानसा भाग जोडलेला असतो. त्यातून दोन विद्युत्संकेत किंचित मागेपुढे निघतात, आणि आधी कोणता आला यावरून दिशा ठरते. धूळ वा झीज यांमुळे एखादा संकेत गळाला, की संगणकाला दिशा उलटी भासते. काही माऊसमध्ये हे काम प्रकाशकिरण करतो, तर बऱ्याच माऊसमध्ये धातूचे सूक्ष्म स्पर्शबिंदू. कोकणातील पावसाळी दमट हवा या दुसऱ्या प्रकाराला मानवत नाही. धातूवर गंज चढतो. चाकाच्या फटीतून दाबाच्या हवेचा झोत मारून धूळ उडविणे हा पहिला उपाय. तो लागू पडला नाही, तर माऊसची तार वा बॅटरी काढून, तळाच्या पट्ट्यांखालचे स्क्रू सोडवून आतील भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येतो. मात्र स्पर्शबिंदू झिजले असतील, तर या खटाटोपाने चार दिवस निभावतात, इतकेच. स्वस्त माऊसच्या बाबतीत नवा घेणेच परवडते.

बिनतारी माऊस अडखळू लागल्यास आधी बॅटरी बदलावी. तरीही फरक पडला नाही, तर रिसीव्हर कोठे लावला आहे ते पाहावे. यूएसबी ३ च्या जोडण्यांतून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या संदेशांत व्यत्यय आणतो. शेजारी चालू असलेली हार्ड डिस्क दूर सारली किंवा रिसीव्हर हातभर लांबीच्या वायरने पुढे आणला, की चाक पुन्हा सुरळीत चालते.