हात धुणारे आणि हात माखलेले

अपराधाचा डाग हातावर दाखवायचा आणि तो जावा म्हणून पात्राला पुन्हा पुन्हा हात धुवायला लावायचे, हा कथा-नाटकांतला संकेत आता इतका रुळला आहे की पडद्यावर कोणी मध्यरात्री नळाखाली हात चोळू लागले, तर त्याने काय केले असेल हे प्रेक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही. या संकेताचा सर्वांत ठळक नमुना शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये, पाचव्या अंकाच्या पहिल्याच प्रवेशात आहे. राजाचा खून झाल्या रात्री जी लेडी मॅकबेथ थोड्याशा पाण्याने सगळे निपटेल असे नवऱ्याला बजावते, तीच इथे झोपेत चालत येते, सतत जवळ ठेवायला सांगितलेला दिवा हातात घेऊन, आणि पाणी नसतानाच हात चोळत राहते. तिची दासी वैद्याला सांगते की बाईसाहेबांचे हे पाव-पाव तास चालते. वैद्य सगळे पाहतो, ऐकतो आणि हा रोग आपल्या विद्येबाहेरचा आहे, हिला वैद्यापेक्षा धर्मोपदेशकाची गरज अधिक आहे, असे म्हणून अंग काढून घेतो.

मराठी रंगभूमीला हे नाटक नवे नव्हते. शिवराम महादेव परांजपे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘मानाजीराव’ या नावाने त्याचे रूपांतर केले होते, आणि १९५४मध्ये वि. वा. शिरवाडकरांचे ‘राजमुकुट’ हर्बर्ट मार्शल यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आले, तेव्हा नानासाहेब फाटक यांच्यासोबत राणीच्या भूमिकेत दुर्गा खोटे होत्या. पुढे विशाल भारद्वाज यांनी ‘मकबूल’ या चित्रपटात (२००३) हीच गोष्ट मुंबईच्या गुन्हेगारी जगात नेली आणि तब्बूने रंगवलेली निम्मी रक्ताच्या भासाने भिंत पुसू लागली. पोशाख, शहर आणि भाषा बदलूनही हात धुण्याचा तो प्रवेश कोणी गाळला नाही. डोस्तोयेव्हस्कीच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’मधला रास्कोलनिकोव मात्र या रांगेत थोडा बाजूला उभा राहतो, कारण तो खुनानंतर तिथल्याच स्वयंपाकघरातल्या बादलीत साबणाने हात आणि कुऱ्हाड धुतो ते पुरावा नाहीसा करण्यासाठी, त्याला पछाडणारी घाण पुढच्या प्रकरणांत हळूहळू साचत जाते.

या प्रवेशाकडे पाहणाऱ्या मराठी प्रेक्षकाच्या मनात पाण्याविषयीची वेगळी कथापरंपरा आधीपासून होती, आणि त्या परंपरेत पाण्याने पाप खरोखरच जाते. गोदावरीच्या उगमाची कथाच मुळी अपराधाच्या भावनेतून सुरू होते. ब्रह्मगिरीजवळच्या गौतम ऋषींच्या हातून दर्भाचा स्पर्श होताच एक गाय मेली. ते गोहत्येचे पातक धुण्यासाठी त्यांनी शंकराची आराधना करून गंगा खाली आणली. नाशिकच्या पंचवटीतील कपालेश्वर मंदिरात शिवासमोर नंदी नसतो, आणि त्याचे कारण म्हणून सांगितली जाणारी कथाही अशीच आहे: ब्रह्मदेवाचे शिर तोडल्याने मागे लागलेली ब्रह्महत्या खुद्द शंकराने नंदीच्या सांगण्यावरून रामकुंडात स्नान करून घालवली आणि तेव्हापासून नंदीला गुरू मानले. पाण्याचे काम इथे एका स्नानात पुरे होते आणि स्नान करणारा कोरडा होऊन घरी जाऊ शकतो, पण मॅकबेथच्या बायकोचे धुणे संपतच नाही. विधी आणि विकार यांच्यातला फरक ओळखायचा असेल, तर कृतीला शेवट आहे की नाही, एवढे पाहिले तरी बरेच काही कळते.

धर्मशास्त्रकारांनी हा शेवट नेमका कशाने येतो याचाही विचार केला होता. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ या ग्रंथाच्या १९५३मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडात पातक, प्रायश्चित्त, आशौच (म्हणजे सुतक-सोयरासारखी अशुद्धी) आणि शुद्धी यांची सविस्तर चर्चा आहे. त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते की उघड पातकाच्या प्रायश्चित्तात पाप्याने विद्वानांच्या परिषदेपुढे जाऊन आपले कृत्य सांगणे ही पहिली पायरी होती आणि व्रत, दान, स्नान यांचा क्रम त्यानंतरचा. लोकांना न कळलेल्या पापासाठी ‘रहस्यप्रायश्चित्त’ अशी वेगळी सोय होती. पण तिथेही करणाऱ्याने स्वतःशी कबुली दिलेली असे. लेडी मॅकबेथला ही पहिली पायरीच उपलब्ध नाही. जागेपणी ती कोणापुढेही तोंड उघडू शकत नाही, म्हणून झोपेत बोलते, आणि सांगण्याची जागा धुण्याने घेतल्यामुळे ते धुणे वांझ राहते.

मात्र गौतमाच्या कथेत एक बारकावा आहे, जो तीर्थमाहात्म्य सांगताना पुष्कळदा घाईत उरकला जातो. ती गाय खरी नव्हती. गौतमांचा मत्सर करणाऱ्यांनी रचलेला तो डाव होता. ज्याने काही केलेच नव्हते त्याने पातक अंगावर घेतले आणि नदी आणली; ज्यांनी कपट केले त्यांच्या शुद्धीची चिंता कथेत फारशी कोणी केली नाही. धुणारा निर्दोष आणि दोषी कोरडा, ही पुराणाची मांडणी शेक्सपिअरच्या संकेतापेक्षा वास्तवाच्या अधिक जवळची आहे.

त्याचा पुरावा मराठी मुलखाच्या इतिहासातच आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात शरीर पाण्याने आणि मन सत्याने शुद्ध होते अशा आशयाचा विचार आहे, आणि त्याच अध्यायात चांडाळाचा स्पर्श झाल्यास स्नान करावे असा नियमही आहे. पहिला विचार व्याख्यानांत राहिला आणि व्यवहारात दुसरा नियम चालला. १९२३मध्ये मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव संमत केल्यावर महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे कागदोपत्री सर्वांना खुले केले होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो सहकारी तिथे जाऊन पाणी प्यायले, तेव्हा आधी त्यांच्यावर हल्ले झाले आणि नंतर तळे ‘बाटले’ म्हणून त्याची शुद्धी करण्यात आली. शेण, गोमूत्र, दूध आणि दही यांचे १०८ घडे मंत्रोच्चारांत तळ्यात रिचवले गेले. माणसांना मारहाण करणाऱ्यांपैकी कोणाला आपले हात धुवावेसे वाटले नाहीत. त्यांनी पाणी धुतले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडमध्ये मनुस्मृतीचे दहन झाले, आणि तळ्याच्या हक्काचा निकाल उच्च न्यायालयातून अस्पृश्यांच्या बाजूने लागायला मार्च १९३७ उजाडला. अपराधभावनेने हात धुणारी पात्रे लिहिणाऱ्या नाटककारांनी या घड्यांचाही हिशेब ठेवायला हवा, कारण अपराध्याला पश्चात्ताप होतोच आणि तो शरीरातून बाहेर पडतोच, हे गृहीतक साहित्याने वाचकाला दिलेले दिलासादायक आश्वासन आहे, त्याला अनुभवाचा आधार फारसा नाही.

मानसशास्त्राने या गृहीतकाची परीक्षा घेण्याचा प्रयत्न केला. चेन-बो झोंग आणि केटी लिलजेनक्विस्ट यांनी २००६मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रयोगांची एक मालिका प्रसिद्ध केली, तिला ‘मॅकबेथ परिणाम’ हे नाव मिळाले. स्वतःचे एखादे अनैतिक कृत्य आठवायला सांगितलेल्यांपुढे पेन्सिल आणि जंतुनाशक रुमाल ठेवले असता त्यांच्यापैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांनी रुमाल निवडला, तर चांगले कृत्य आठवणाऱ्यांत हे प्रमाण एक-तृतीयांश होते. आणि ज्यांनी हात पुसले त्यांची नंतर दुसऱ्याला फुकट मदत करण्याची तयारी कमी आढळली. पुढे इतर संशोधकांनी या प्रयोगांपैकी काही मोठ्या गटांवर करून पाहिले तेव्हा तोच परिणाम मिळाला नाही, म्हणून या निष्कर्षाला आज सिद्धान्त म्हणता येत नाही.

दवाखान्यात दिसणारे चित्र तर या गृहीतकाच्या उलट आहे. मराठीत ज्याला मंत्रचळ म्हणतात आणि डॉक्टर ज्याला ओसीडी म्हणतात, त्या विकारात नकोसा विचार मनात सारखा घुसतो आणि त्याची भीती तात्पुरती शमवण्यासाठी एखादी कृती पुन्हा पुन्हा करावी लागते. हात धुऊन झाल्यावर नळ बंद करताना बोट नळाला लागते, म्हणून हात पुन्हा धुवायचे; मग नळच आधी धुवायचा; मग नळ धुतलेल्या हाताचे काय, हा प्रश्न उभा राहतो, आणि कातडी सोलवटेपर्यंत हे चालू राहते. पॉल साल्कोव्हस्किस यांनी १९८५मध्ये या विकाराच्या मुळाशी जबाबदारीची फाजील जाणीव असते अशी मांडणी केली. आपल्या हाताला लागलेल्या कशाने तरी लेकराला बाधा होईल आणि तो दोष आपला असेल, असे ज्याला सतत वाटते, त्याने बहुधा कोणाचे काहीच वाईट केलेले नसते. गौतमांप्रमाणे तो मेलेली नसलेली गाय वाहत असतो.

बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूरसारख्या तालुक्यात या विकाराला आणखी एक बाजू आहे, जी राजवाड्यातल्या नाटकांना सुचली नसती, ती म्हणजे पाण्याची. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला हा भाग खारपाणपट्ट्यात येतो. इथल्या विहिरी-बोअरच्या क्षारयुक्त पाण्याला साबणाचा फेस नीट धरत नाही आणि वाळलेल्या भांड्यावर पांढरा थर राहतो. वान प्रकल्पाच्या जलाशयातून संग्रामपूर आणि जळगाव जामोद या तालुक्यांतील १४० गावांसाठी नळयोजना आखावी लागली, ती याच कारणाने. जिथे गोडे पाणी मोजून वापरावे लागते तिथे घरातले एक माणूस बादल्यांमागून बादल्या ओतू लागले, तर पहिला उद्रेक पाण्यावरून होतो. रोग्याला आधी पाणी नासणारा म्हणतात, मग सोवळ्याचे ढोंग म्हणतात, आणि शेवटी, सिनेमे पाहून शहाणे झालेले कोणी तरी विचारते की याने असे केले तरी काय. यातला तिसरा प्रश्न सर्वांत क्रूर आहे, कारण रोगी स्वतःला तोच प्रश्न दिवसभर विचारत असतो.

या विकारावर उपाय आहे. व्हिक्टर मायर यांनी १९६६मध्ये लंडनमध्ये रुग्णांना भीतीच्या वस्तूला हात लावायला सांगून नंतर धुण्यापासून रोखण्याची पद्धत वापरली, तेव्हा खोलीतले नळसुद्धा बंद ठेवले होते; त्याच पद्धतीची सुधारलेली रूपे आज जगभर, बहुधा औषधांच्या जोडीने, वापरली जातात. पाणी तोडणे हा मात्र घरच्यांनी करायचा प्रयोग नव्हे, कारण रोग्याची संमती आणि जाणकाराची देखरेख नसेल तर ती केवळ शिक्षा होते. शेक्सपिअरच्या वैद्याने हात वर केले त्याला चारशे वर्षे झाली. आजच्या वैद्याला तसे करण्याचे कारण नाही, आणि घरच्यांनी रोग्याला गुन्हेगार समजण्याचेही नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयातून मनोविकारांवर उपचार मिळतात, आणि केंद्र शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आणि चोवीस तास चालू असून त्यावर मराठीतही बोलता येते.