मुठेच्या काठाने, भाग ९ : बुडायला बांधलेला पूल

मागच्या आठवड्यात आपण खडकवासल्याच्या सांडव्यापाशी थांबलो होतो. दरवाजे उचलले गेले, पाणी शहराकडे निघालं. त्या पाण्याची पहिली खबर पुणेकराला धरणावरून मिळत नाही, एका पुलावरून मिळते. जुलैत घराघरांत विचारलं जातं, "भिडे पूल गेला का?" त्यातल्या ‘गेला’चा अर्थ पाण्याखाली गेला एवढाच. वाहून गेला असा नव्हे, हे बाहेरगावच्या पाहुण्याला समजावून सांगावं लागतं.

बाबा भिडे पूल डेक्कन जिमखान्याच्या अंगाने निघतो आणि पलीकडे नारायण पेठेत उतरतो. लांबून पाहिला तर पूल आहे हे चटकन कळतही नाही. वरच्या अंगाला लकडी पूल, त्याच टापूत दुचाकी आणि पायी चालणाऱ्यांसाठीचा झेड पूल. दोघे ऐटीत उंच उभे. भिडे पूल त्यांच्यापुढे नदीत आडव्या टाकलेल्या फळीसारखा वाटतो. उन्हाळ्यात त्यावरून चालताना पाणी हाताला लागेल इतकं जवळ असतं. ही जवळीक मला फार प्रिय आहे. या शहरात मुठेच्या इतक्या लगत जायची ठिकाणं उरलीत किती?

या पुलाबद्दल दर पावसाळ्यात एकच प्रश्न ऐकू येतो. दरवर्षी बुडतो तर बांधला कशाला? बांधताना उंची का वाढवली नाही? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर सरळ आहे. हा पूल बुडणार हे धरूनच बांधलेला आहे. सार्वजनिक बांधकामाच्या भाषेत पुलांच्या दोन मोठ्या जाती. एक उंच पातळीचा पूल, ज्याच्या तळाखालून मोठा पूरही मोकळा निघून जातो. दुसरा बुडीत पूल. वर्षातले बहुतेक दिवस तो वापरायचा आणि पुराचे थोडे दिवस नदीला देऊन टाकायचे. कोकणात आणि मावळात अशा पुलांना लोक ‘कॉजवे’ किंवा ‘फरशी’ म्हणतात. गावाकडच्या माणसाला यात नवल वाटत नाही. फरशीवर पाणी आलं की तो काठावर थांबतो, ओसरलं की पलीकडे जातो. नवल वाटतं ते शहरातल्या माणसाला, कारण आपण नदीसाठी थांबायचं ही कल्पनाच त्याच्या अंगवळणी पडलेली नाही.

उंची वाढवायला काय लागतं, ते बघू. समजा, हा पूल पाच मीटर वर घ्यायचा. गाड्या चढाव्यात म्हणून चढ सौम्य हवा. तीस मीटर जाताना एक मीटर वर, असा धरू. पाच मीटर चढायला दीडशे मीटरचा जोडरस्ता लागला, आणि तोही दोन्ही काठांवर. आता नारायण पेठेच्या बाजूला उभं राहून दीडशे मीटर सरळ पेठेत चालून पाहा. वाटेत वाडे येतात, दुकानं येतात, गल्ल्या येतात. चढ आणायचा तर या सगळ्यावरून आणावा लागेल. झेड पुलाचं नाव ज्या आकारामुळे पडलं, त्यातही हीच अडचण वाचता येते. सरळ उतरायला जागा नाही, म्हणून तो काठाला समांतर चढतो, वळून नदी ओलांडतो आणि पुन्हा वळून काठाकाठाने उतरतो. त्याचं अधिकृत नाव काकासाहेब गाडगीळ पूल. ते फारसं कुणाच्या तोंडी नाही. आकाराचंच नाव चिकटलं.

बुडीत पूल म्हणजे कमी प्रतीचा पूल, असा एक समज आहे. खरं तर पाण्याखाली टिकायचं म्हणजे त्याला काही गोष्टी जास्तच सोसाव्या लागतात. एक घनमीटर काँक्रीटचं वजन साधारण अडीच टन. ते पूर्ण बुडालं की त्याने बाजूला सारलेलं एक टन पाणी त्याला खालून वर ढकलतं. म्हणजे ज्या वजनाच्या जोरावर पूल जागच्या जागी बसलेला असतो, त्यातलं चाळीस टक्के ऐन पुरात नाहीसं होतं. स्लॅबखाली हवा कोंडली तर आणखी बिकट. ती हवा पुलाला फुग्यासारखी उचलू पाहते. म्हणून अशा पुलांच्या स्लॅबला हवा निघून जायला भोकं ठेवतात. त्यात वाहत्या पाण्याचा आडवा रेटा. पाण्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, तिप्पट झाला की नऊपट. दुथडी भरलेली नदी काठावरून संथ दिसते, पण खांबाला ती तशी लागत नाही.

आणि कठडा. पायी चालणाऱ्याला कठडा हवाच, आणि बुडीत पुलाचा शत्रू नेमका तोच. पुरात झाडं येतात, गाद्या येतात, गठ्ठ्यांनी जलपर्णी येते. हे सगळं कठड्याला अडकतं आणि कठड्याची भिंत बनते. भिंत झाली की मागे पाण्याचा फुगवटा चढतो आणि सगळा रेटा पुलाच्या अंगावर येतो. यावर इंजिनीअरांकडचा उपाय म्हणजे पुरापूर्वी काढून ठेवता येणारे किंवा आडवे पाडता येणारे कठडे. म्हणूनच ओढ्यानाल्यांवरच्या जुन्या फरश्यांना कठडा नसतो, नुसते आखूड दगड उभे असतात. पाणी ओसरल्यावर कठड्याच्या गजांत गुंडाळलेल्या चिंध्या आणि प्लॅस्टिक तुम्ही पाहिलं असेल. शहराने नदीत काय टाकलं, याची ती वर्षाकाठची यादीच असते.

पूल बुडणं आणि पूल पडणं या मात्र अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिश काळातला दगडी पूल पुरात कोसळला. दोन एसटी बस आणि इतर वाहनं अंधारात नदीत गेली. तो पूल रहदारीला खुला होता. पुढचा भाग नाही हे समोरून येणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. बुडीत पुलावर पाणी आलेलं दिसतं, त्याची वर्दळ थांबते. न बुडणाऱ्या पुलाच्या पायाखालची माती पूर खरवडून नेत असतो, तेव्हा वर रहदारी चालूच असते. भिडे पुलाची थट्टा करणाऱ्यांना मी दरवेळी सावित्रीची आठवण करून देतो.

आता पाण्याचा हिशेब. खडकवासल्यातून साधारण पंधरा-वीस हजार क्युसेकच्या घरात विसर्ग गेला की भिडे पूल दिसेनासा होतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण सव्वाअठ्ठावीस लिटर. २५ जुलै २०२४ च्या पुरात हा आकडा पस्तीस हजारांवर गेला होता. गुणाकार केला तर सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर. सोसायटीत येणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांपुढे आणा. असे शंभर टँकर एका सेकंदात पुलाच्या पलीकडे, पुढच्या सेकंदाला आणखी शंभर.

"मग धरणात पाणी धरून का ठेवत नाहीत?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. मुठेच्या खोऱ्यातल्या चार धरणांत वरसगाव सर्वांत मोठं, १२.८२ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यामागे पानशेत १०.६५, टेमघर ३.७१. शेवटी, शहराच्या तोंडाशी असलेलं खडकवासला सर्वांत लहान, जेमतेम १.९७ टीएमसी. वरची तिन्ही भरली की त्यांचं पाणी याच्या ओंजळीत पडतं. पस्तीस हजार क्युसेकचा ओघ असेल तर रिकामं खडकवासलासुद्धा सोळा तासांच्या आत काठोकाठ भरेल, आणि ऐन जुलैत ते रिकामं नसतंच. शिवाय धरणाच्या खाली पडणारा पाऊस आहे. आंबील ओढ्यासारखे ओढे तो थेट नदीत आणून सोडतात. त्यांना दरवाजे नाहीत.

पूररेषांचं गणित यापुढचं. मुठेसाठी निळी रेषा साठ हजार क्युसेकची आणि लाल रेषा एक लाखाची. निळी म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांत एकदा येईल एवढा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा. यातला ‘सरासरी’ हा शब्द विसरू नये. लागोपाठ दोन वर्षं तसा पूर येऊ शकतो. २०२४ चा पूर निळ्या रेषेच्या आकड्यापेक्षा पुष्कळ खाली होता. तरीही सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजले पाण्यात गेले. त्या दिवशी पहाटे भिडे पुलाजवळ, पुलाच्या वाडीत, हातगाडी सुरक्षित जागी हलवणारे तीन तरुण विजेचा धक्का बसून गेले. रोजीरोटीची गाडी वाचवायला पाण्यात उतरले होते. पूल बुडण्याच्या बातमीत हे तिघे मला दरवर्षी आठवतात. पूल परत वर येतो.

पुलाची वाडी, लकडी पूल आणि भिडे पूल हा टापू तसा नदीच्या आठवणींनी भरलेला. लकडी पूल पानिपतानंतर, १७६१ मध्ये, नानासाहेब पेशव्यांच्या आज्ञेने लाकडाचा उभा राहिला असं सांगतात. लाकूड गेलं, दगड आला, ‘छत्रपती संभाजी पूल’ हे नाव आलं, तरी लोकांच्या तोंडी तो लकडीच राहिला. बरोबर दोनशे वर्षांनी, १२ जुलै १९६१ ला, पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं, आणि हा उंच लकडी पूलही पाण्याखाली गेला. तो दिवस पाहिलेली माणसं आता थोडी उरली आहेत. माझ्या लहानपणी पेठेतल्या वाड्यांत म्हातारी माणसं जिन्याच्या पायरीवर बोट ठेवून सांगायची, "इथवर आलं होतं." आकडा कुणी सांगत नसे. पायरी सांगत.

भिडे पुलावर गर्दी का, याचं एक कारण लकडी पुलावर आहे. तिथे कितीतरी वर्षं दुचाकींना बंदी होती. मग डेक्कनवरून पेठेत शिरायला दुचाकीस्वारांनी झेड पूल आणि भिडे पूल धरला. बुडीत पूल तुरळक वर्दळीसाठी चांगला; आपण त्याच्यावर शहराच्या हमरस्त्याचं ओझं टाकलं. संध्याकाळी त्यावरून पायी जाऊन पाहा. हॉर्न पाठीत टोचत असतो, बाजूला सरकायला जागा नाही, हातात भाजीची पिशवी आणि पलीकडच्या काठावर क्लासला निघालेली मुलं. पूल ज्यांना सर्वांत सोयीचा, म्हणजे पेठेतले म्हातारे, विद्यार्थी, दुकानांत कामाला येणाऱ्या बायका, त्यांनाच तिथे अंग चोरून चालावं लागतं.

२०२५ मध्ये हाच पूल पाण्यामुळे नव्हे, तर मेट्रोच्या कामासाठी कित्येक महिने बंद राहिला. डेक्कनच्या मेट्रो स्थानकापासून नदीवरून नारायण पेठेत उतरणारा पादचारी पूल वर बांधायचा होता, म्हणून खालचा पत्रे लावून अडवला. गाडीवाल्यांची गैरसोय बातम्यांत भरपूर आली. मी तिथे दोन-चार संध्याकाळी उभा होतो. गाडीवाला वळसा घालून, कुरकुर करत, पाच-दहा मिनिटांत पलीकडे पोचायचा. पायी येणारा पत्र्यापर्यंत यायचा, थबकायचा, नदीकडे बघायचा आणि मागे फिरून लकडी पुलाचा चढ चढायला लागायचा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तो वळसा काय पडतो, हे रस्त्याच्या नियोजनात कुठे मोजतात?

तरीही त्या पादचारी पुलाचं मला मोल वाटतं. पूर आला की पहिल्यांदा भिडे पुलाची वाट बंद होते. नदीच्या पुष्कळ वर, पाण्याच्या चढउताराशी संबंध नसलेली, केवळ चालणाऱ्यांची वाट या टापूत हवीच होती. आता खालच्या पुलाबद्दल माझं मत सांगतो. तो उंच करू नये. पाडूही नये. त्याच्यावरच्या मोटारी आणि दुचाकी कमी करत न्याव्यात आणि तो चालणाऱ्यांना, सायकलवाल्यांना द्यावा. पुरासाठी काढता येणारे कठडे, दोन्ही टोकांना लांबून वाचता येईल अशी पाण्याच्या पातळीची रंगवलेली पट्टी, आणि पोलीस दोरी घेऊन पोचण्याआधी आपोआप पडणारं फाटक. पुलावरून वाहणारं पाणी गुडघ्याखाली असलं तरी धडधाकट माणसाला पाडतं, आणि दोन फूट पाणी बहुतेक मोटारींना उचलतं. "एवढंसं तर आहे" म्हणत गाडी घालणाऱ्याला अडवायला दोरीपेक्षा रंगवलेली पट्टी आणि फाटक यांचा जास्त उपयोग होईल.

विसर्ग कमी झाला की दुसऱ्या दिवशी पूल आधी कडेने दिसतो, मग मधोमध. महापालिकेचे कामगार फावडी आणि पाण्याचे पाइप घेऊन येतात. घोट्याएवढा गाळ काढायचा, कठड्यातली झाडं तोडून सोडवायची, सांधे धुवायचे. स्लॅबच्या सांध्यांवर आणि खांबांच्या बुडाशी नवी खरवड झाली आहे का ते पाहायचं. हे काम चालू असताना काठावर माणसं जमलेली असतात, चहाचे कप हातात घेऊन. कामगारांनी शेवटचा पाइप गुंडाळला की कुणीतरी चप्पल हातात घेऊन ओल्या स्लॅबवर पहिलं पाऊल टाकतं.

पुढच्या आठवड्यात नदीच्या खालच्या अंगाला जाऊ, बंडगार्डनला. १८६७ मध्ये बांधलेला तिथला कमानींचा फिट्झगेराल्ड पूल १९६१ च्या पुरातही तग धरून राहिला. शेजारी नवा पूल झाल्यावर आज तो चालणाऱ्यांना आणि सायकलींना दिलेला आहे.