चर्चला जाऊ न शकणाऱ्या बाईपर्यंत उपासना कशी पोचवायची?

आपल्या अमरावती-अकोला भागात चर्चला जाणारी घरं थोडी, पण जुनी आहेत. अकोल्यात अलायन्स मिशनचं काम एकोणिसाव्या शतकापासूनचं, आणि अमरावतीचा कॅथलिक धर्मप्रांत १९५५ सालचा. खेड्यातल्या घरांना रविवारी चर्चसाठी दुसऱ्या गावाला जावं लागतं. गुडघे धरले, लकवा झाला किंवा घरात कोणी आजारी असलं की बाईचं जाणं सुटतं. “मले आता गीतंई आठवत नाही वं,” असं आमच्या गटातली एक आजी म्हणाली, म्हणून हा लेख.

२०२० साली १२ एप्रिलचा ईस्टर लॉकडाऊनमुळे सगळ्यांनीच घरी केला. तेव्हा मोबाईलवर उपासना ऐकायची सवय झाली. लॉकडाऊन उठल्यावर लोक परत चर्चला गेले, खाटेवरच्या बाया मात्र तिथंच राहिल्या.

पहिली गोष्ट, व्हिडिओच्या मागं लागू नका. चांगल्या व्हिडिओला मिनिटाला शंभर एमबी लागू शकतात. नुसता आवाज घेतला तर साध्या दर्जात पूर्ण तासाला तीस एमबीच्या आसपास. म्हणजे आठ जीबीच्या मेमरी कार्डात दोनशे तास सहज बसतात, चार वर्षांचे जवळपास सगळे रविवार! आणि आजीला चेहरे दिसतात कुठं? तिला आवाज पाहिजे.

रेकॉर्डिंगला नवीन काही घ्यायची गरज नाही. गटातल्या एखाद्या ताईचा स्मार्टफोन पुरतो. तो घडी केलेल्या रुमालावर, पाळकांपासून एक-दोन हात अंतरावर ठेवा. भोंग्याजवळ किंवा ढोलकीजवळ ठेवू नका. आम्ही पहिल्यांदा साऊंड बॉक्सजवळ ठेवला होता, तर घरी आल्यावर नुसती घरघर! डोक्यावरचा पंखा बंद करा. फोन एरोप्लेन मोडवर टाका, नाही तर ऐन संदेशाच्या वेळी भावाचा फोन येतो. लाइटचा भरवसा नाही, म्हणून चार्जिंग रात्रीच करा. मशीनच्या स्पीकरची वायर काढून मोबाईलला जोडायच्या भानगडीत पडू नका, फोन जळू शकतो.

गीतं, वचन आणि संदेश वेगवेगळे रेकॉर्ड करा. आजारी माणूस तासभर सलग ऐकत नाही, गीत मात्र पुन्हा पुन्हा लावतो.

आता खरी अडचण. आजीकडे बटणाचा फोन असतो. कार्ड टाकायची सोय असेल तर त्यावर एमपी३ फाईल बहुतेक वाजते. पण बऱ्याच स्मार्टफोनचा रेकॉर्डर एम४ए फाईल बनवतो, ती वाजेलच असं नाही. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये एमपी३ असेल तर तेच ठेवा. नसेल तर मोबाईल दुकानातून फाईल बदलून घ्या. आधी एक मिनिटाची फाईल टाकून आजीच्याच फोनवर वाजवून पाहा.

पाळकांची किंवा फादरची परवानगी तर घ्यायचीच, पण तेवढ्यानं भागत नाही. साक्ष देताना आणि प्रार्थनेची विनंती करताना बाया घरातलं दुःख बोलतात: नवऱ्याची दारू, मुलीचं मोडलेलं लग्न, कर्ज. त्या वेळी रेकॉर्डिंग बंदच ठेवा. ती बाई चार माणसांसमोर बोलली, म्हणजे गावभर फिरवायला बोलली असं नाही. व्हॉट्सॲपवर पुढं पसरलेली फाईल परत घेता येत नाही. म्हणून आम्ही ग्रुपवर टाकत नाही, कार्डच हातानं देतो.

प्रभुभोजन काही कार्डात जात नाही. त्यासाठी पाळकांना किंवा फादरला घरी यायची विनंती करा, ते आजाऱ्याकडे येतात.

गुरुकुंज मोझरीची सामुदायिक प्रार्थना असो की गावातला हरिपाठ, जिचं जाणं सुटलं तिच्यासाठी हीच पद्धत चालते. कार्डं दोन घ्या. एक आजीजवळ, दुसरं भरायला. रविवारी संध्याकाळी बदलायला जाल तेव्हा दहा मिनिटं बसा, तिनं काय ऐकलं ते विचारा.