असं का होतं? : नवखा माणूस एडिसनलाच का उतरतो

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ओक ट्री रोडवर जाडे पोहे, कढीपत्ता, कुकरची रिंग, सगळं मिळतं. अख्खी अमेरिका मोकळी असताना एवढी भारतीय कुटुंबं याच पट्ट्यात का गोळा झाली?

पहिली घरं साध्या हिशेबाने आली: न्यूयॉर्कला रेल्वे आणि शहरापेक्षा कमी भाडं. अमेरिकेच्या 1965च्या स्थलांतर कायद्याने देशवार कोटे मोडीत काढून नातेवाइकांना प्राधान्य दिलं, तशी भावामागून बहीण येऊ लागली.

पुढच्यांचं गणित निराळं. नवख्याच्या नावावर तिथे कर्ज फेडल्याची नोंदच नसते, म्हणून घरमालक बिचकतो. मग कुणीतरी ओळखीचा शब्द टाकतो आणि किल्ली हातात पडते. ही मूठभर घरं म्हणजे विरजण. त्यांच्या जिवावर वाण्याचं दुकान उभं राहतं, दुकानामुळे आणखी घरं येतात, मग देऊळ. पुढे भाडं चढलं तरी वस्ती दाट होतच राहते. गिरणगावात कोकणातला गडी गावकीच्या खोलीत वळकटी टाकायचा, तो याच कारणाने.

आधार मोठा आहे, पण नोकरीच्या बाबतीत तो तोकडा पडू शकतो. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973मध्ये मांडलं, की नव्या नोकरीची खबर जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त येते. जिवलगांना बहुधा आपल्याला ठाऊक तेवढंच ठाऊक असतं. त्यामुळे पहिलं बिऱ्हाड आपल्या माणसांत जरूर करावं, पण ग्रंथालयात, मुलांच्या शाळेत परक्यांशी ओळखी पहिल्या महिन्यापासूनच वाढवाव्यात.