वस्तऱ्याचें कोरें पातें

जुन्या वस्तूंच्या याद्या चाळतांना वस्तऱ्यापुढें बहुधा तीनच गोष्टी लिहिलेल्या आढळतात: लांबी, मुठीचा पदार्थ आणि पात्यावरील छाप. पाठीची जाडी व पात्याची रुंदी यांचें प्रमाण क्वचितच कोणी टिपून ठेवतो. वस्तुतः वस्तऱ्याचें सारें कुलशील त्या एका प्रमाणांत असतें. आणि तें कां, हें पोलादाच्या पट्टींतून कोरें पातें, म्हणजे आकार दिलेला पण धार व पाणी न दिलेला तुकडा, स्वतः कापूं लागल्यावांचून नीट उमगत नाहीं. म्हणून त्या कृतीचा थोडा ऊहापोह येथें करण्याचें योजिलें आहे.

चाकू निसण्यावर किती कलता धरावा हें धार लावणाराच्या हातावर अवलंबून असतें. वस्तऱ्याचें तसें नाहीं. तो निसण्यावर आडवा निजवितात. पाठ व धार दोन्ही एकाच वेळीं दगडास टेकतात. अर्थात् धारेचा कोन हात ठरवीत नाहीं, पाठ ठरविते. रुंदी २० मिलिमीटर व पाठ साडेपांच मिलिमीटर असेल तर कोन सुमारें १६ अंशांचा येतो, आणि तो दाढीस उत्तम. त्याच रुंदीस ३ मिलिमीटरची पाठ ठेवली तर कोन ९ अंशांच्या आंत जातो व धार राठ केसांवर दुमडते. ८ मिलिमीटर ठेवली तर २३ अंश. असा वस्तरा केस कापण्याऐवजीं ओढतो.

तेव्हां आराखडा कागदावरच पुरा झाला पाहिजे, आणि पट्टीहि पाठीस हवी तेवढी जाड प्रथमपासूनच असली पाहिजे. पातें, त्यामागची मान व बोट टेकण्यासाठीं वर वळलेलें शेपूट असा नमुना जाड कागदाचा कापून पट्टीवर चिकटवावा व टोंकदार खिळ्यानें कडा आंखाव्या. पोलाद शेंकडा सुमारें एक भाग कार्बनाचें, नरम स्थितींतील घ्यावें. करवत रेषेच्या बाहेरून चालवून उरलेलें कानशीनें उतरवावें. मुठीच्या खिळ्याचें भोंक याच वेळीं पाडावें; पाणी दिल्यावर साधें ड्रिल चालत नाहीं. दोन्ही अंगें उतरतीं करतांना धारेच्या जागीं अर्धा मिलिमीटर तरी जाडी राखावी. येथें घाई करणारा फसतो: पातळ धार तापवून तेलांत बुडवितांच पातें वांकतें, आणि वांकलेली पाठ निसण्यावर कधींच सरळ बसत नाहीं. पोलाद लोहचुंबकास चिकटेनासें झालें कीं त्याहून किंचित् अधिक तापवून तेलांत बुडवावें. मग पुन्हा मंद, सुमारें २०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवावें व फिकट गवती पिवळा रंग येतांच थांबावें.

सुश्रुताच्या सूत्रस्थानांतील आठवा अध्याय याच्याशीं ताडून पाहण्याजोगा आहे. छेदनाच्या शस्त्राची धार अर्ध्या केसाएवढी असावी असें तो सांगतो. पाणी देण्याचे क्षार, उदक व तैल असे तीन प्रकार देतो. धार लावण्यास उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा आणि 'धारासंस्थापना'साठीं शाल्मलीची फळी सांगतो. ही फळी धार जपण्यासाठीं होती असें कोणी म्हणतील. आमच्या मतें तो शब्द न्हाव्याच्या चामोट्याच्या कामाकडेच बोट दाखवितो. वाग्भट वृद्धिपत्राची ओळख क्षुराच्या आकारावरून करून देतो, म्हणजे क्षुर हेंच त्या काळीं सर्वपरिचित उपमान होतें.

एवढी बारीक धार टिकावी तर पोलादांत मळीचा धागाहि चालत नाहीं. शेफील्डजवळ बेंजामिन हंट्समन यानें १७४०च्या सुमारास मुशींत वितळवून एकजीव पोलाद केलें तें याच कामीं आलें. आपल्याकडील मुशीचें पोलाद त्याहून फार जुनें. मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनीं १७९४ मध्यें त्याचे नमुने जोसेफ बँक्स यांजकडे धाडले, व १७९५ मध्यें जॉर्ज पिअर्सन यांनीं त्यावर लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें निबंध वाचला. निबंधाच्या मथळ्यांत हें पोलाद मुंबईस तयार होतें असें म्हटलें आहे, तें अक्षरशः घेऊं नये. ते गड्डे म्हैसूर, सेलम अशा दक्षिणेकडील भट्ट्यांचे असत, मुंबई हें केवळ पाठविण्याचें बंदर. 'वूट्झ' या नांवाचें मूळ कानडी 'उक्कु' असावें असें बहुतेक विद्वान् मानतात; ओढून ताणून तें संस्कृतांत शोधण्याचा मोह आम्हांस पडत नाहीं. पुढें जेम्स स्टोडार्ट हा लंडनचा शस्त्रकार व मायकेल फॅरेडे यांनीं याच पोलादाचें गुपित शोधतां शोधतां मिश्र पोलादाचे प्रयोग केले व ते १८२० आणि १८२२ मध्यें प्रसिद्ध केले.

आतां संग्राहकांस विनंति. वस्तऱ्याची रुंदी पात्याच्या मध्यावर मोजावी, आणि जाडी निसण्यानें पाठीवर जो सपाट पट्टा पडलेला असतो नेमकी तेथें. पट्टा अरुंद तर वापर थोडा, रुंद तर पुष्कळ; एका बाजूस रुंद व दुसरीस अरुंद असेल तर धार लावणाराचा हात कोणीकडे जड होता हेंहि कळतें. राख-वाळूनें घासून हा पट्टाच नाहींसा केलेले वस्तरे आम्हीं पाहिले आहेत. दिसतात लखलखीत, पण पोथीच्या समासांतील टिपा खरवडून कागद स्वच्छ करण्यासारखाच तो प्रकार आहे. गंजासाठीं तेलाचा बोळा पुरे.